टेबलावरचे सीएनसी यंत्र : आधी वही, मग खरेदी

मृगाचा पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. रविवारी सकाळी बहीण घरी आली, तिच्यामागे भाचा. बहीण घाटंजी तालुक्यातल्या एका गावी राहते आणि तिथल्या बचत गटाचे हिशेब पाहते. भाचा आयटीआयमधून जोडारीचा, म्हणजे फिटरचा, कोर्स करून बसलेला. दोन वर्षे झाली, हाताला कायमचे काम नाही. चहा होईस्तोवर त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. त्यात पोळपाटाएवढ्या जागेवर एक यंत्र लाकडात अक्षरे कोरत होते.

"मामा, साडेअठरा हजारांत येते. नावाच्या पाट्या कोरतो. महिन्याले दहा-पंधरा पाट्या गेल्या तरी पैसे निघते."

बहीण म्हणाली, "दादा, गटातून चाळीस हजार उचलता येते. पण पैसा बायांचा आहे. तू हिशेब पाहून सांग, उचलू का नको?"

मी कारकून माणूस. बी.कॉम. झालेलो. यंत्रातले मला काही कळत नव्हते. पण जमाखर्चातले थोडे कळते. घाईने 'हो' म्हणालो असतो तर दहा-बारा बायांचा घामाचा पैसा अडकला असता. फटकन 'नाही' म्हणालो असतो तर पोराची उमेद मेली असती. म्हणून त्याला एक महिन्याची मुदत मागितली आणि दोघे मिळून त्या यंत्राच्या मागे लागलो. त्यातून जे समजले ते आज मांडतो. आपल्या अनेक घरांत असा एखादा पोरगा किंवा पोरगी आहे, म्हणून.

यंत्र म्हणजे काय?

सीएनसी म्हणजे कॉम्प्युटर न्यूमेरिकल कंट्रोल. संगणकाने दिलेल्या आकड्यांबरहुकूम हत्यार फिरवणारे यंत्र. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत जॉन पार्सन्स हे हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कामात होते. पात्याची वळणे अचूक यावीत म्हणून यंत्राला आकडे पुरवावेत, हा विचार त्यांनी पुढे नेला. १९५२ साली तिथल्या एमआयटी या संस्थेने आकड्यांवर चालणारे मिलिंग यंत्र प्रत्यक्ष चालवून दाखवले. त्या वेळी नुसता नियंत्रणाचा भागच मोठ्या कपाटांएवढा होता. पुढे कित्येक वर्षे ही यंत्रे मोठ्या कारखान्यांच्याच आवाक्यात राहिली.

ती स्वस्त झाली ती गेल्या वीस वर्षांत. २००५ साली इटलीत 'आर्डुइनो' नावाचा स्वस्त इलेक्ट्रॉनिक बोर्ड निघाला. २००९ साली नॉर्वेच्या एका तरुणाने त्या बोर्डावर चालणारा 'जीआरबीएल' हा प्रोग्राम लिहिला आणि तो सर्वांना मोफत खुला केला. महागडा मेंदू असा फुकटात मिळाल्यावर राहिले ते मोटर, स्क्रू आणि सांगाडा. म्हणून आज टेबलावरचे यंत्र मोटारसायकलपेक्षा कितीतरी कमी पैशांत मिळते.

यातले सर्वांत जास्त दिसणारे यंत्र '३०१८' नावाचे. नाव म्हणजे त्याचे मापच. काम करण्याची जागा ३० सेंटिमीटर बाय १८ सेंटिमीटर. वर-खाली साधारण साडेचार सेंटिमीटर. हत्यार तीन दिशांनी सरकते : डावी-उजवी म्हणजे एक्स, मागे-पुढे म्हणजे वाय, वर-खाली म्हणजे झेड. प्रत्येक दिशेला एक स्टेपर मोटर. ही मोटर पंख्यासारखी सैल फिरत नाही, ठरावीक पावले टाकते. एका फेऱ्यात २०० पावले. तिला जोडलेला स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकवत असेल, तर एका पावलाला हत्यार ०.०२ मिलिमीटर सरकते. शाळेतला भागाकार आहे, पण सगळी अचूकता त्यात आहे.

अर्थात कागदावरची अचूकता आणि हातातली अचूकता यात फरक असतो. या यंत्राचा सांगाडा हलका. जोराने दाबले की तो थोडा लवतो. म्हणून साग, एमडीएफ, प्लायवूड, अॅक्रिलिक, मऊ प्लॅस्टिक आणि इलेक्ट्रॉनिक सर्किटचे तांब्याचे बोर्ड ही त्याची खरी कामे. पितळ, अॅल्युमिनियम अगदी पातळ थरांनी, जिवाला जपून. लोखंड, पोलाद नाहीच. "यावर ट्रॅक्टरचा पार्ट होईल का?" असे भाच्याच्या एका मित्राने विचारले. होणार नाही. विकणारा काहीही सांगो.

पाबळचा धडा

खेड्यातल्या पोरांना असली यंत्रे झेपतात का, ही शंका मलाही होती. उत्तर आपल्याच राज्यात आहे. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात पाबळ हे गाव. मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती, आरोग्य असे सगळे हाताने करत शिकायचे, ही त्यांची शिक्षणपद्धती. शाळेत मागे पडलेली मुले तिथे कारागीर होऊन बाहेर पडू लागली.

त्याच पाबळात २००२ साली एमआयटीच्या मदतीने 'फॅब लॅब' उभी राहिली. एमआयटीच्या बाहेर जगात निघालेल्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. फॅब लॅब म्हणजे संगणकावर चालणारी कापण्याची, कोरण्याची लहान-मोठी यंत्रे एका छताखाली असलेली कार्यशाळा. टेबलावर मावणारे लहान मिलिंग यंत्र हे अशा लॅबच्या नेहमीच्या साहित्यातले. आज अशा प्रयोगशाळा जगभर आहेत.

या गोष्टीतून मी एवढेच घेतले : पाबळात हाताचे शिक्षण आधी वीस वर्षे चालू होते, संगणकावरचे यंत्र नंतर आले. क्रम उलटा केला तर यंत्र कोपऱ्यात धूळ खाते.

खरा खर्च किती?

आता वही उघडू. भाचा म्हणत होता साडेअठरा हजार. मी त्याला विचारले, "यंत्राले संगणक लागते ना? तो कुठून आणशील?" तेव्हा तो गप्प झाला. मग आम्ही दोघांनी बसून यादी केली. आमच्याकडे आलेले आकडे असे :

यंत्र १८,५०० रुपये. जुना लॅपटॉप ११,०००. कोरण्याचे बिट, व्ही आकाराचे आणि सपाट मिळून, १,८००. पकडण्याचे क्लॅम्प आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप ७००. चष्मा, मास्क आणि भुसा ओढणारा लहान व्हॅक्यूम २,४००. सरावासाठी एमडीएफ आणि अॅक्रिलिक ६००. आवाज आणि भुसा अडवायला प्लायची पेटी १,५००. एकूण ३६,५०० रुपये.

म्हणजे सांगितलेल्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. घरी आधीच लॅपटॉप असेल तर आकडा कमी होईल; पण यादी केल्याशिवाय कोणी पैसे उचलू नयेत. कर्ज मिळते म्हणून घेऊ नये. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्जाची सोय आहे, बचत गट आहे. पण हप्ता दर महिन्याला येतो आणि गिऱ्हाईक दर महिन्याला येतेच असे नाही.

तेव्हा आम्ही पायऱ्या ठरवल्या. आधी घरच्या पैशांनी फक्त लॅपटॉप घ्यायचा. तीन महिने शिकायचे. शिकण्यात चित्त लागले तरच गटातून चाळीस नव्हे, वीस हजार उचलायचे. उरलेले साडेपाच हजार भाच्याने सुताराकडे हाताखाली काम करून जमवायचे. बहिणीने मान डोलावली. भाच्याचे तोंड उतरले, पण तो कबूल झाला.

यंत्राशिवायचे तीन महिने

हे तीन महिने वाया गेले नाहीत, उलट तेच कामी आले. इंकस्केप हा चित्र काढण्याचा प्रोग्राम मोफत मिळतो. फ्रीकॅड मोफत आहे. यंत्राला हुकूम पाठवणारे कँडल आणि युनिव्हर्सल जीकोड सेंडर हेही मोफत. भाचा रोज रात्री एक आकृती काढायचा आणि तिचे हुकूम वाचायचा. या हुकमांना जी-कोड म्हणतात. भाषा फार सोपी. 'जी २१' म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये. 'जी ०' म्हणजे न कापता झटकन सरक. 'जी १' म्हणजे कापत सरक. 'एफ ३००' म्हणजे मिनिटाला ३०० मिलिमीटर वेगाने. 'एम ३' म्हणजे हत्यार फिरव, 'एम ५' म्हणजे थांबव. बुटीबोरीच्या कारखान्यातल्या लाखो रुपयांच्या यंत्रालाही मूळ हुकूम हेच समजतात. ही बाब मला फार महत्त्वाची वाटली.

दिवसा सुताराकडे त्याला लाकूड कळले. उभी रेघ, आडवी रेघ, गाठ कुठे आहे, कुठे फाटेल. आपल्या जिल्ह्यात सागाला तोटा नाही. सुताराच्या दुकानात हात-दीड हात लांबीचे तुकडे उरतात, तेवढे पाटीला पुरतात. मात्र तुकडे दुकानातूनच घ्यावेत. जंगलातून लाकूड आणण्याच्या फंदात पडू नये. केसची पाळी येते.

यंत्र आल्यावर

ऑक्टोबरमध्ये यंत्र आले, ते सुट्या भागांत. जोडायला दोन दिवस लागले. भाच्याने गुण्या लावून प्रत्येक कोपरा काटकोनात आहे का ते पाहिले. इथे फिटरचे शिक्षण उपयोगी पडले. नव्या माणसाने पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात.

पहिल्या दिवशी बिट लावूच नये. बिटच्या जागी पेन बांधावा आणि कागदावर चौकोन काढावा. १०० मिलिमीटरचा चौकोन पट्टीने मोजल्यावर १०० भरला पाहिजे, दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. मग खाली टाकाऊ एमडीएफचा पाट बसवावा, म्हणजे बिट आरपार गेला तरी यंत्राचा ओटा वाचतो. जॉब घट्ट पकडावा. सुटलेला जॉब बिट तर मोडतोच, शिवाय तुकडा उडतो.

मग झिरो. कोपऱ्यावर एक्स आणि वायचा झिरो, आणि लाकडाच्या पृष्ठभागावर झेडचा. बिट आणि लाकूड यांच्यामध्ये साधा कागद धरावा, बिट हळूहळू खाली आणावा, कागद ओढताना जरा अडकला की थांबावे. कागदाची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, तेवढी वजा धरावी. त्यानंतर बिट लाकडापासून वर ठेवून सगळा प्रोग्राम एकदा हवेत चालवून पाहावा. हात कुठे जातो, क्लॅम्पला धडकतो का, ते कळते.

सागावर आम्ही ३.१७५ मिलिमीटरच्या सपाट बिटने, एका थराला अर्धा मिलिमीटर खोल आणि मिनिटाला ३०० मिलिमीटर वेगाने सुरुवात केली. ३ मिलिमीटर खोली हवी असेल तर सहा थर. वेळ लागतो. घाई करून खोली वाढवली की बिट मोडतो. फार हळू चालवले तर बिट कापत नाही, नुसता घासतो. लाकूड काळे पडते, जळका वास येतो. सागात वाळूसारखा सिलिकेचा अंश असतो, त्याने बिटची धार लवकर जाते. म्हणून बिटचा खर्च वहीत कायमचा धरावा.

वीज हा आपला जुना रोग. काम चालू असताना वीज गेली की या साध्या यंत्राला आपण कुठे होतो ते आठवत नाही. म्हणून झिरोचा कोपरा पेन्सिलीने खूण करून ठेवावा, म्हणजे तिथून पुन्हा जुळवता येते. लॅपटॉपची झोपण्याची सोय बंद करावी. नाहीतर पाटी अर्धी असताना पडदा काळा होतो आणि यंत्र उभे राहते.

देवनागरीची गाठ

पहिली पाटी बिघडली. शेजारच्या एका गृहस्थांचे नाव होते. इंग्रजी अक्षरे प्रत्येकी सुटी असतात, म्हणून व्हिडिओत दाखवतात तसे जमून जाते. आपली अक्षरे शिरोरेषेने बांधलेली. संगणकात मात्र प्रत्येक अक्षराची रेषा वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. यंत्राने इमानदारीने प्रत्येक अक्षराची कड कोरली आणि शिरोरेषेवर जागोजागी आडवे छेद पडले. काना आणि वेलांटीपाशी तर जाळेच झाले.

दोन रात्री डोके खाजवल्यावर उपाय सापडला. इंकस्केपमध्ये मजकूर लिहून झाला की आधी त्याचे आकृतीत रूपांतर करावे आणि मग 'युनियन' हा हुकूम देऊन सगळी अक्षरे एकजीव करावीत. शिरोरेषा अखंड होते. शिवाय जाड, मोकळ्या पोटाचा टाइप निवडावा. 'क्ष', 'श्री', रफार यांच्या बारीक फटीत ३ मिलिमीटरचा बिट शिरत नाही. तिथे व्ही आकाराचा बिट लागतो. ही बाब आम्हाला कोणत्याही व्हिडिओत मिळाली नव्हती, म्हणून इथे मुद्दाम लिहिली.

जिवापेक्षा यंत्र मोठे नाही

चष्मा घातल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. हातमोजे घालून फिरत्या बिटजवळ हात नेऊ नये. मोजा अडकला तर बोट ओढले जाते. ओढणी, मोकळे केस, लांब बाह्या बांधून घ्याव्यात. सागाच्या भुशाने नाक-डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत जाणे घातक आहे. तिचा कॅन्सरशी संबंध सिद्ध झालेला आहे. म्हणून मास्क हवा, आणि यंत्र स्वयंपाकघरात किंवा लहान मूल झोपते त्या खोलीत ठेवू नये. सर्किट बोर्ड कोरायचे तर काचतंतूंऐवजी कागदी थराचा, एफआर-१ प्रकारचा बोर्ड घ्यावा.

अनेक यंत्रांबरोबर लेझरचे डोकेही मिळते. त्याच्या ठरलेल्या चष्म्याशिवाय ते सुरू करणे म्हणजे डोळे गमावणे. पीव्हीसीवर लेझर कधीच चालवू नये, विषारी धूर निघतो. आणि यंत्र चालू ठेवून शेतावर किंवा बाजाराला जाऊ नये. आगीला एक ठिणगी पुरते.

पाटीची किंमत

भाच्याने पहिल्या गिऱ्हाइकाला २५० रुपये सांगितले होते. मी वही पुढे केली. लाकूड ८०, पॉलिश ३०, बिटची झीज २०, वीज ४. यंत्र आणि साहित्य ३६,५०० चे. ते हजार तास चालेल असे धरले तर तासाला साडेछत्तीस रुपये झीज. पाटीला अडीच तास, म्हणजे ९१. चित्र, कोरणे, घासणे मिळून साडेतीन तासांची मजुरी, तासाला ६० प्रमाणे, २१०. बेरीज ४३५. अडीचशेला विकली असती तर प्रत्येक पाटीमागे त्याने १८५ रुपये पदरचे घातले असते आणि वर धंदा चालला असे समजला असता. आपल्यातले कितीतरी होतकरू धंदे असेच बसले. आपली मजुरी आपणच शून्य धरायची आणि मग नशिबाला बोल लावायचा. आता पाटीचा भाव ४५० आहे.

दोन महिन्यांत सात पाट्या गेल्या. आले ३,१५०. लाकूड, पॉलिश, बिट, वीज वजा जाता उरले २,२१२. गटाचे दोन हप्ते व्याजासह ४,३८० रुपये गेले. म्हणजे निम्मा भार पाट्यांनी उचलला, निम्मा सुताराकडच्या मजुरीने. महिन्याला दहा-पंधरा पाट्यांचे स्वप्न अजून दूर आहे. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण वहीत न मावणारी एक रक्कम आहे. गेल्या आठवड्यात बुटीबोरीच्या एका कारखान्यात त्याने मुलाखत दिली. तिथे त्याच्यापुढे जी-कोडचा कागद ठेवला आणि हा कोणता आकार होईल म्हणून विचारले. त्याने पेन मागून आकृती काढून दिली. दोन वर्षांपूर्वी याच प्रश्नावर तो मान खाली घालून परतला होता. अजून बोलावणे यायचे आहे. आले तर जावे की इथेच पाट्या वाढवाव्यात, यावर घरात एकमत नाही. बहीण म्हणते जा, तो म्हणतो यंत्र कोण चालवेल. धाकटी भाची म्हणते, "मी चालवतो ना." ती बारावीला आहे आणि युनियनचा हुकूम आधी तिलाच सापडला होता.

बहिणीच्या दारावर आता सागाची पाटी आहे. आजवर त्या घरावर पाटी नव्हती. पोरांनी आईचे नाव कोरले आहे, शिरोरेषा अखंड आहे. त्या पाटीचे ४३५ रुपये मी वहीत खर्ची टाकले. भाचा म्हणाला, "मामा, आईच्या पाटीचेही?" म्हटले, हो. वही सर्वांना सारखी.